कांतारेइरा 2014-15 : साओ पाउलो महानगराच्या पाण्याचं प्रकरण

मे 2014 च्या मध्यावर साओ पाउलोच्या उत्तरेकडच्या जाकारेई जलाशयात तराफ्यांवर बसवलेले पंप सुरू झाले आणि कांतारेइरा या धरणांच्या प्रणालीचा मृतसाठा (एरवी उपसता न येणारं तळाचं पाणी) पहिल्यांदाच उपसायला घेतला गेला. उपयुक्त साठा त्या दिवशी 8.2 टक्के होता. ब्राझीलच्या या भागात मे महिना म्हणजे पावसाळा संपून कोरडे महिने लागण्याची वेळ. पुढचा भरवशाचा पाऊस ऑक्टोबरनंतरच. या एका प्रणालीवर महानगरातल्या सुमारे 88 लाख लोकांचं पाणी अवलंबून होतं.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी मोठा दुष्काळ म्हणूनच सांगितलं जातं. दुष्काळ होता, आणि भयंकर होता. पण पाऊस कमी झाला की धरण रिकामं होतं, एवढंच पाऊस ठरवतो. पुढे कुणाचा नळ आधी कोरडा पडायचा आणि कुणाला फक्त बातमी वाचायची, हे ते महानगर कसकसं वाढलं त्यावर ठरलं. म्हणून आधी नळापर्यंतची वाट आणि मग शहराची वाढ, या क्रमाने प्रकरण पाहू.

पाण्याची वाट

कांतारेइरा हे एक धरण नव्हे. जाग्वारी आणि जाकारेई ही कालव्याने जोडलेली जोडधरणं सर्वांत वर. प्रणालीचा एकूण उपयुक्त साठा सुमारे 982 दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे साधारण 34.7 टीएमसी, पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांपेक्षा थोडा जास्त. त्यातले 808 दलघमी एकट्या या जोडीत. तिथून बोगद्याने पाणी काशोएइरा धरणात, दुसऱ्या बोगद्याने आतिबाइन्यात, आणि मग जवळपास 10 किलोमीटरच्या तिसऱ्या बोगद्यातून खोऱ्याची सीमा ओलांडून जुकेरी नदीवरच्या पाइवा कास्त्रो जलाशयात येतं. इथवरचा सगळा प्रवास उताराने, विजेचा खर्च नाही.

पाइवा कास्त्रोला उतार संपतो. समोर कांतारेइराच्या डोंगररांगा आणि पलीकडे शहर. सांता इनेस उदंचन केंद्र हे पाणी सुमारे 120 मीटर वर चढवून आग्वास क्लारास या छोट्या जलाशयात टाकतं. तो साठवणीसाठी नाहीच; पंप बंद पडले तर काही तास वेळ मारून नेण्यासाठी आहे. तिथून पुन्हा उताराने ग्वाराऊ जलशुद्धीकरण केंद्र, क्षमता सेकंदाला 33 घनमीटर. आपल्या हिशेबात दिवसाला सुमारे 2,850 दशलक्ष लिटर, एकाच केंद्रातून.

मृतसाठ्याची अडचण या रचनेतच आहे. बोगद्याचं तोंड जलाशयाच्या तळापासून बरंच वर असतं. पाण्याची पातळी त्या तोंडाखाली गेली की खाली कितीही पाणी असलं तरी ते बोगद्यात शिरत नाही. तराफ्यांवरचे पंप ते पाणी उचलून तोंडापर्यंत नेत होते. सुमारे 8 कोटी रेआल (ब्राझीलचं चलन) खर्चून ही व्यवस्था जाकारेई आणि आतिबाइन्या इथे उभी केली गेली. पाणी नवं नव्हतंच, फक्त पोहोच वाढली.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. वरची धरणं साओ पाउलोच्या खोऱ्यात नाहीत. ती पिरासिकाबा नदीच्या खोऱ्यात आहेत, पाणलोटाचा काही भाग तर शेजारच्या मिनास जेराइस राज्यात. तेच पाणी खाली कांपिनास परिसराला लागतं. महानगर आपल्या गरजेचं जवळपास निम्मं पाणी शेजाऱ्याच्या खोऱ्यातून आणतं, आणि तेही परवान्यावर.

नद्यांच्या उगमाशी वसलेलं शहर

सांतोस बंदराजवळचा समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, पण शहर साडेसातशे मीटर उंचीच्या पठारावर. 1554 मध्ये जेझुइट धर्मप्रसारकांनी वसवलेलं हे ठाणं तीनशे वर्षं लहानच राहिलं. शेजारून वाहणारी तिएते नदी समुद्राच्या जवळ उगम पावून उलट आतल्या भागाकडे, पाराना नदीकडे जाते. म्हणजे शहर नदीच्या शेवटी नाही, सुरुवातीला आहे. अशा जागी पाणलोट लहान असतो आणि शहर जे घाण करतं ते त्याच्या स्वतःच्याच वरच्या पाण्यात मिसळतं.

1867 मध्ये सांतोस ते जुंदियाई रेल्वे झाली आणि कॉफी या वाटेने बंदराकडे जाऊ लागली. 1872 च्या गणतीत शहराची लोकसंख्या 31 हजार होती. 1900 मध्ये 2 लाख 40 हजार. इटालियन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि 1908 पासून जपानी स्थलांतरित आले. कॉफीच्या मळ्यांसाठी आलेले बरेच जण पुढे शहरातल्या ब्रास भागातल्या गिरण्यांत आणि कारखान्यांत रुजले. 1950 मध्ये 22 लाख, 1980 मध्ये 85 लाख. दुसऱ्या महायुद्धानंतरची माणसं मुख्यतः देशातल्याच ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यातून आली होती. आसपासची गावं धरून पाहिलं तर 1970 मध्ये 81 लाखांचं असलेलं महानगर 1980 मध्ये 1 कोटी 26 लाखांवर गेलं. एका दशकात 45 लाख. कांतारेइराचा पहिला टप्पा 1974 मध्ये आणि दुसरा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला, तो याच लोंढ्याच्या मागे धावत.

जवळचं पाणी काय झालं, हा खरा प्रश्न. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज आणि ट्राम चालवणाऱ्या लाइट या परदेशी कंपनीने दक्षिणेला ग्वारापिरांगा आणि नंतर बिलिंग्स हे मोठे जलाशय बांधले, पण विजेसाठी. पठाराच्या कड्यावरून पाणी 720 मीटर खाली कुबाताओला सोडलं तर प्रचंड वीज मिळते, म्हणून पिन्येइरोस नदीचा प्रवाह पंप लावून उलटा फिरवला आणि तिएतेचं पाणी बिलिंग्समध्ये चढवलं. 1920 च्या दशकात ही कल्पना हुशारीची होती. शहर वाढलं, नद्यांत सांडपाणी सोडलं जाऊ लागलं आणि तीच पंपांची साखळी शहराची घाण त्याच्याच सर्वांत मोठ्या जवळच्या जलाशयात ओतू लागली. पूरपरिस्थिती वगळता हा उपसा 1992 मध्ये थांबवला. बिलिंग्सचा मुख्यतः रियो ग्रांदे हा फाटा, आंशिएता महामार्गाजवळ बांध घालून वेगळा केलेला, पिण्यासाठी वापरता येतो. पुढे 2015 मध्ये तोच फाटा अडचणीत कामाला आला.

शहराच्या काठच्या वस्तीची गोष्ट याहून तिखट आहे. 1942 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, भाड्याची घरं बांधण्यात कुणाला रस उरला नाही, आणि कामगाराने स्वतःच दूरच्या प्लॉटवर घर बांधायचं ही रीत पडली. जमीन विकणारे शहराला लागून प्लॉट पाडत नसत. मधली जमीन मोकळी ठेवून पलीकडची विकायची. मग बसचा मार्ग, रस्ता, वीज, पाणी त्या टोकापर्यंत ओढलं जाई आणि मधल्या मोकळ्या जमिनीचा भाव आपोआप चढे. लोक रविवारी भाऊबंद जमवून एकेक खोली उठवत. आधी एक स्लॅब, पोरं मोठी झाली की वर दुसरा. साओ पाउलोचा काठ, म्हणजे तिथले लोक ज्याला पेरिफेरिया म्हणतात, तो बहुतांशी असा हाताने उभा राहिला.

1975-76 मध्ये राज्याने जलस्रोत संरक्षणाचे कायदे केले. महानगराचा सुमारे 54 टक्के भूभाग त्यात आला. लहान प्लॉट नाही, दाट वस्ती नाही, उद्योग नाही. हेतू चोख, परिणाम उलटा. कायदेशीर विक्री अवघड झाल्याने जमिनीचा भाव पडला, आणि स्वस्त जमीन नेमकी शहराच्या दक्षिणेकडच्या सांतो आमारो भागातल्या कारखान्यांपासून बसच्या अंतरावर होती. बेकायदा प्लॉटिंग जोरात चाललं. ग्राजाऊ, जार्दिम आंजेला यांसारख्या वस्त्या ग्वारापिरांगा आणि बिलिंग्सच्या काठांवर वाढल्या. आणि वस्ती बेकायदा, म्हणून तिथे सांडपाण्याची वाहिनी टाकणंही कायद्यात बसेना. जे पाणी वाचवायचं होतं त्यातच मैलापाणी जाऊ लागलं.

हे सगळं सांभाळायला एक यंत्रणा नाही, हाही या महानगराचा स्वभावच. 1973 च्या संघीय कायद्याने महानगर प्रदेश कागदावर आला. आज त्यात 39 नगरपालिका आहेत आणि 2022 च्या जनगणनेनुसार सुमारे 2 कोटी 7 लाख लोक. पण महानगराचा महापौर नाही. पाणी मुख्यतः साबेस्प या 1973 मध्येच स्थापन झालेल्या, तेव्हा राज्याच्या असलेल्या कंपनीकडे, पण सगळीकडे नाही. 13 लाखांच्या आसपास वस्तीचं ग्वारुल्योस स्वतःचं पाणीखातं चालवत होतं आणि साबेस्पकडून घाऊक पाणी विकत घेत होतं. संकट आलं तेव्हा घाऊक पुरवठा कमी झाला, आणि तिथे उघडपणे एक दिवस पाणी, एक दिवस बंद अशी पाळी लागली. नगरपालिकेच्या सीमेपलीकडे साबेस्पच्या हद्दीत मात्र अधिकृतपणे कपात नव्हतीच.

परवाना, आणि चुकलेले महिने

1974 चा पाण्याचा परवाना 30 वर्षांचा होता. 2004 मध्ये तो 10 वर्षांसाठी नवा झाला: एकूण 36 घनमीटर प्रतिसेकंद, त्यातले 31 महानगराला, 5 पिरासिकाबा खोऱ्याला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक अट: साबेस्पने कांतारेइरावरचं अवलंबन कमी करण्याचा अभ्यास करावा. आणि एक सवलत: एखाद्या महिन्यात ठरलेल्यापेक्षा कमी उपसा केला तर उरलेलं पाणी आपल्या खात्यावर जमा धरून पुढे वापरायचं, म्हणजे पाण्याची बँक. कागदावर छान दिसणारी ही बँक व्यवहारात धोक्याची. खात्यावरचा आकडा कमी होत नाही. धरणातलं पाणी मात्र बाष्पीभवनाने आणि कोरड्या महिन्यांनी कमी होतंच. 2003 मध्येही साठा तळाला गेला होता. 2010-11 च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते मार्च, म्हणजे पावसाळाच) धरणं इतकी भरली की दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या फ्रांको दा रोशा शहरात पाणी शिरलं. मग घाई कुणाला राहिली असेल?

2013-14 चा पावसाळा जवळजवळ आलाच नाही. आग्नेय ब्राझीलवर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला आणि ओलसर हवा तिकडे फिरकली नाही. जानेवारी 2014 मध्ये पाणलोटात सरासरी सुमारे 260 मिलिमीटर पावसाच्या जागी 90 च्या आत पडला. फेब्रुवारीत आवक सेकंदाला 9 घनमीटरच्या आसपास आणि महानगराचा उपसा 30 च्या वर. फरक 20 घनमीटरहून जास्त, म्हणजे दिवसाला जवळपास 20 लाख घनमीटर. साठ्याचे रोज सुमारे 0.2 टक्के. आठवड्याला दीड टक्का जातोय हे कुणालाही बोटांवर मोजता आलं असतं. उपशावर पहिली मर्यादा (27.9 घनमीटर) मार्चमध्ये आली. 2014 ची वार्षिक सरासरी आवक 9 घनमीटरही भरली नाही. दीर्घकालीन सरासरी 39 च्या आसपास आहे. तोपर्यंतचं सर्वांत वाईट मानलेलं वर्ष 1953, त्याच्याही निम्म्याहून कमी. इतकं कोरडं वर्ष नियोजनात धरलं नव्हतं हे मान्य. पण उपसा महिनाभर आधी कमी झाला असता तर मृतसाठ्याची वेळ पुढे गेली असती, हेही आकडेच सांगतात.

दुसरा धक्का वर्षाच्या शेवटी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस पडला तरी पातळी खालीच जात राहिली. कोरडी माती आणि उघडा पडलेला भेगाळ तळ पहिलं पाणी पिऊन टाकतात; पाऊस नेहमीच्या निम्मा असला तरी आवक निम्मी होत नाही, त्याहून कितीतरी कमी होते. त्यात उन्हाळ्यातले वळवाचे ढग शहरावर कोसळत होते, शंभर किलोमीटर वरच्या पाणलोटावर नाही. रस्त्यात गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही, असे दिवस 2015 च्या सुरुवातीला लोकांनी काढले.

8.2 चे 26.7 कसे झाले

पंप सुरू झाल्यावर साबेस्पच्या रोजच्या आकड्याने एका रात्रीत उडी घेतली: 8.2 टक्क्यांवरून 26.7. पाऊस पडला नव्हता. मृतसाठ्याचा 182.5 दलघमीचा पहिला हिस्सा वरच्या आकड्यात, म्हणजे अंशात मिळवला. छेद मात्र 982 चाच ठेवला. 182.5 भागिले 982, म्हणजे साडेअठरा टक्के, ते जुन्या 8.2 मध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 105 दलघमीचा दुसरा हिस्सा आला, आणखी 10.7 टक्के. या रीतीने साठा पूर्ण भरला असता तर आकडा 129 टक्के आला असता. शंभराच्या पलीकडे जाणारी टक्केवारी हीच खूण होती की हिशेबात काहीतरी गडबड आहे.

फेब्रुवारी 2015 च्या सुरुवातीचं उदाहरण घ्या. जाहीर आकडा 5 टक्के, म्हणजे वापरता येण्याजोगं पाणी 49 दलघमी.

पहिली पद्धत: 49 ÷ 982 = 5 टक्के.

दुसरी पद्धत, छेदातही मृतसाठा मिळवून: 49 ÷ 1,269.5 = 3.9 टक्के.

तिसरी पद्धत, मृतसाठा हे उसनं पाणी धरून: (49 − 287.5) ÷ 982 = उणे 24 टक्के.

तिन्ही आकडे एकाच दिवसाचे, एकाच पाण्याचे. पाच टक्के वाचणाऱ्याला वाटतं थोडं तरी शिल्लक आहे. उणे चोवीस वाचणाऱ्याला कळतं की नेहमीची पातळी शून्यावर यायलाच अजून 238 दलघमी पाणी यावं लागेल. सरकारी वकिलांनी न्यायालयात धाव घेतल्यानंतर 2015 मध्ये उणे आकडाही रोज छापला जाऊ लागला. या प्रकरणातून धरणसाठ्याची बातमी लिहिणाऱ्या कुणालाही उचलता येईल अशी एक सवय म्हणजे छेद काय आहे ते आधी विचारणं.

कपात नाही, फक्त दाब कमी

ऑक्टोबर 2014 मध्ये राज्याची निवडणूक होती. गव्हर्नर जेराल्दो आल्कमिन प्रचारभर पाणीकपात नाही असंच सांगत होते, आणि पहिल्याच फेरीत निवडून आले. जानेवारी 2015 मध्ये त्यांनीच पाणी मोजून दिलं जात असल्याचं कबूल केलं. त्याच महिन्याच्या शेवटी साबेस्पचे महानगर संचालक पाउलो मासातो यांनी पाऊस आला नाही तर आठवड्यात पाच दिवस बंद आणि दोन दिवस पाणी अशी पाळी लावावी लागेल असं सांगितलं. तोवर चालू होतं ते दाबाचं तंत्र.

तांत्रिक बाजूने कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पाळीने पाणी दिलं की नळवाहिन्या रिकाम्या होतात. रिकाम्या वाहिनीत उलटा खेच तयार होतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत येते. पुन्हा पाणी सोडताना अडकलेल्या हवेचा आणि पाण्याचा मार बसून जुने पाइप फुटतात. याउलट दाब कमी ठेवला तर वाहिनी भरलेली राहते आणि गळतीही घटते. जुन्या, चिरांमधून गळणाऱ्या वाहिन्यांत दाब निम्मा केला तर गळती जवळपास निम्मी होते. त्या काळात शुद्ध केलेल्या पाण्यातलं तिसरा हिस्सा पाणी हिशेबात येत नव्हतं, त्यामुळे बचतीचा मोठा वाटा इथूनच आला. जिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते तिथे ते खाली आणले. जिथे नव्हते तिथे माणसं जाऊन हाताने व्हॉल्व्ह आवळत, आपल्याकडच्या चावीवाल्यांसारखंच.

पण पाण्याला उंची कळते, नकाशावरचा सरासरी दाब कळत नाही. ब्राझीलच्या मानकाप्रमाणे वितरण वाहिनीत किमान 10 मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब हवा. तेवढ्यात दुमजली घराच्या छपरावरची टाकी भरते. संकटात काही भागांत हा दाब मानकाच्या बराच खाली, 1 मीटरपर्यंत गेल्याचं कंपनीने मान्य केलं. एका मीटरचा दाब म्हणजे रस्त्यालगतच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि सहा मीटरवरच्या टाकीला काहीच नाही. टेकाडाच्या पायथ्याला नळ चालू, माथ्याला कोरडा. दोन्ही घरं एकाच व्हॉल्व्हच्या क्षेत्रात, आणि कागदावर त्या क्षेत्राला पुरवठा 24 तास.

आता वरची वाढीची कहाणी इथे जोडून पाहा. उंच टेकाडं आणि वाहिन्यांची शेवटची टोकं, ही जागा कुणाच्या वाट्याला आली होती? प्लॉट तिथेच स्वस्त होते. मध्यवर्ती भागातल्या इमारतींना खाली मोठी टाकी, वर टाकी आणि मध्ये पंप. रात्रीचे दहा तास दाब नसला तरी रहिवाशांना पत्ताही लागत नाही. काठावरच्या टप्प्याटप्प्याने बांधलेल्या घरात बऱ्याचदा टाकीच नसते. पुढचा मजला चढवायचा असतो म्हणून स्लॅब मोकळा ठेवलेला, आणि नळ थेट वाहिनीला जोडलेला. दाब रात्री उतरायचा आणि दोन-दोन तास बस-गाडीचा प्रवास करून घरी येणारा माणूसही रात्रीच यायचा. गरीब कुटुंबांना टाक्या वाटायला कंपनीने नंतर घेतल्या. तोवर लोक बादल्या, पिंपं, जुने डबे भरून ठेवत होते. 2015 मध्ये शहरात डेंग्यूचे रुग्ण तोपर्यंतच्या सर्व वर्षांपेक्षा जास्त झाले, त्याला उघड्यावर साठवलेलं पाणी हे एक कारण धरलं गेलं. दुसऱ्या टोकाला मोठे संकुलवाले टँकर मागवत होते आणि विंधनविहिरी खोदत होते.

दर, सवलत आणि मोठे ग्राहक

फेब्रुवारी 2014 पासून आधीच्या वर्षाच्या सरासरीपेक्षा 20 टक्के कमी वापर करणाऱ्याला बिलात 30 टक्के सूट मिळू लागली. पुढे 10 आणि 15 टक्के बचतीलाही लहान सूट जोडली गेली. जास्त वापरणाऱ्याला दंड मात्र जानेवारी 2015 मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर: सरासरीच्या 20 टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर पाण्याच्या दरावर 40 टक्के, त्याहून पुढे 100 टक्के. लोकांनी खरंच पाणी वाचवलं, भरपूर वाचवलं. पण तुलना स्वतःच्याच जुन्या वापराशी असल्याने आधी बागेला पाइप लावून पाणी घालणाऱ्याला 20 टक्के कमी करणं सोपं, आणि आधीच काटकसरीत राहणाऱ्या कुटुंबाला जवळपास अशक्य.

शिवाय साबेस्पने मोठ्या ग्राहकांशी ठरावीक किमान वापराचे करार केलेले होते: जास्त घ्या, स्वस्त घ्या. साठा घसरू लागल्यावरच त्यातली किमान वापराची सक्ती उठवली. यात लबाडी शोधायची गरज नाही. कंपनीचे शेअर साओ पाउलो आणि न्यूयॉर्कच्या बाजारात होते, उत्पन्न पाणी विकूनच यायचं. 2013 मध्ये 192 कोटी रेआल असलेला नफा 2014 मध्ये सुमारे 90 कोटींवर आला. पाणी वाचलं की तोटा होतो अशा रचनेत बचतीची घाई उशिराच सुटते.

निभावलं कशाने

पावसाआधी निभावून नेलं ते मुख्यतः वाहिन्यांच्या जाळ्याने. महानगरातल्या आठ-नऊ प्रणाली काही प्रमाणात एकमेकींना जोडलेल्या होत्या. आल्तो तिएते आणि ग्वारापिरांगाचं पाणी कांतारेइराच्या वस्त्यांत ढकलण्यासाठी नवे पंप आणि जोडवाहिन्या टाकल्या, ग्वारापिरांगाच्या केंद्रात मेम्ब्रेन गाळणी बसवून क्षमता वाढवली. कांतारेइरावरची लोकसंख्या 88 लाखांवरून 60 लाखांच्या खाली आली, उपसा 31-33 घनमीटरवरून 14 च्या आसपास. सगळ्या महानगराचा पुरवठा सेकंदाला सुमारे 70 घनमीटरवरून 50-52 वर उतरला. म्हणजे अठरा-वीस घनमीटर वाचले, एवढ्यावर दुसरं मोठं शहर जगतं. बिलिंग्सच्या रियो ग्रांदे फाट्यातून आल्तो तिएते प्रणालीतल्या ताइयासुपेबा जलाशयात 4 घनमीटर नेण्याचं काम सर्वांत निकडीचं म्हणून सांगितलं गेलं. ते पुरं झालं सप्टेंबर 2015 अखेर, पाऊस दारात आल्यावर. ऑगस्ट 2015 मध्ये राज्याने अधिकृतपणे पाणीस्थिती गंभीर असल्याचं जाहीर केलं, पंप सुरू झाल्याच्या पंधरा महिन्यांनी. मृतसाठा भरून आकडा शून्याच्या वर आला 30 डिसेंबर 2015 ला.

नंतरची कामं मात्र मोठी झाली. पाराइबा दो सुल खोऱ्यातल्या जाग्वारीतून (नाव तेच, नदी वेगळी) आतिबाइन्यात सरासरी 5.13 घनमीटर पाणी मार्च 2018 पासून येऊ लागलं. पाराइबा दो सुल नदी पुढे रियो द जानेरोला पाणी देते, म्हणून रियोने आक्षेप घेतला. तोडगा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लुइझ फुक्स यांच्या मध्यस्थीने निघाला. एप्रिल 2018 मध्ये साओ लोरेन्सो प्रणाली सुरू झाली: ऐंशीहून अधिक किलोमीटर वाहिनी, तीनशे मीटरहून जास्त उंच चढण, क्षमता 6.4 घनमीटर. दोन्ही कामं पाणी आणखी लांबून आणतात. ग्वारापिरांगा आणि बिलिंग्सच्या काठांवर सांडपाणी वाहिन्या टाकण्याचं काम त्यामानाने रेंगाळत चालतं. तिथे मालकी हक्क, पुनर्वसन आणि नगरपालिका अशा तिन्ही गाठी सोडवाव्या लागतात, आणि फीत कापायला धरणासारखं काही नसतं.

सर्वांत शहाणा बदल कागदावरचा आहे. 2017 च्या परवान्यात पाण्याची बँक गेली आणि महानगराच्या उपशाचे टप्पे ठरले: साठा 60 टक्के किंवा जास्त असेल तर 33 घनमीटर, 40 ते 60 असेल तर 31, 30 ते 40 ला 27, 20 ते 30 ला 23, आणि 20 च्या खाली 15.5. निर्णय कुणाच्या मर्जीवर नाही, महिन्याच्या शेवटच्या आकड्यावर. 2014 मध्ये हा तक्ता लागू असता तर फेब्रुवारीतच उपसा 30 च्या वर राहिला नसता.

साबेस्प जुलै 2024 मध्ये खासगी झाली. ऑगस्ट 2025 च्या शेवटी साठे पुन्हा उतरू लागल्यावर राज्याच्या नियामकाने महानगरात रात्रीचा दाब आठ तास कमी ठेवण्याचा आदेश काढला, आणि सप्टेंबरमध्ये ते तास दहा केले. या वेळी तास आधी जाहीर झाले: संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत.